नर्सिंगच्या प्रवेशासाठी पुण्यात चार दिवस

पुण्याला जाऊन आल्याला आता दीड वर्ष होईल. आमच्या पुसदकडून हल्ली पुण्याला लोक सारखे जातात. कुणाचा मुलगा कंपनीत लागलेला असतो, कुणाची मुलगी शिकायला असते. त्यामुळे पुण्याचे वर्णन ऐकायला आमच्याकडे कुणी फारसे बसत नाही. तरी हे लिहायला घेतले, कारण त्या चार दिवसांत एका मुलीने एका शाळेत प्रवेश घ्यायचा की नाही हे ठरवायचे होते, आणि ते ठरता ठरता मला एक गोष्ट सांगावी लागली. ती मी वीस-बावीस वर्षे कुणालाही सांगितली नव्हती.

आम्ही तिघे निघालो होतो. मी सरकारी कचेरीतला निवृत्त लिपिक. सुमन ही माझी भाची. तिचे वडील लवकर गेले, त्यामुळे माझी बहीण आणि सुमन दोघी आमच्याच घरी राहिल्या. सुमन पुसदच्या एका खासगी दवाखान्यात आया आहे. इंजेक्शन देते, सलाइन लावते, बाळंतपणात डॉक्टरीणबाईंच्या आधी धावते, पण हजेरीपटावर आया. तिसरी पल्लवी, सुमनची मुलगी. मला आबाजी म्हणते. बारावी झाली होती आणि हडपसरच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये तिचे नाव लागले होते. शाळेच्या मान्यतेत काही अडचण आहे अशी कुणकुण होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मूळ कागद जमा करायचे होते. ज्यांनी अशा शाळांत मुले घातली आहेत त्यांना ठाऊक असेल, की मूळ दाखला आणि गुणपत्रिका एकदा त्यांच्या कपाटात गेल्या की त्या मधेच सुटत नाहीत. पुढे काहीही झाले तरी मुलगी तिथे अडकते.

हडपसर, मंगळवार

सकाळी ट्रॅव्हल्सच्या गाडीने आम्हाला गाडीतळावर उतरवले. भाजीबाजाराच्या मागे एक लॉज होता. काउंटरवरच्या मॅनेजरने आमची नावे वहीत लिहिली आणि वर न बघता सांगितले, "गरम पाणी सहा ते साडेसहा. सहा पस्तीसला येतं ते नळाचं असतं."

सुमन म्हणाली, "आमच्याकडे उन्हाळ्यात नळालाच गरम पाणी येते, साहेब."

"मग एक नळ बरोबर आणायचा होता," मॅनेजर म्हणाला आणि किल्ली दिली. हा पुण्याचा पहिला प्रसाद. पण दुपारी पल्लवीचे डोके दुखायला लागले, तेव्हा न सांगता आल्याचा चहा याच माणसाने वर पाठवला, हेही लिहून ठेवतो.

पोह्यांवर तर्री नसते हे दुसरे. सुमनने दोनदा विचारले. वाढणारा म्हणाला, "मावशी, रस्सा मिसळीला. पोह्याला खोबरं." सुमनने खोबरे बाजूला सारून पोहे खाल्ले आणि म्हणाली, "चांगले आहेत. आजाऱ्याला द्यायला."

रस्त्याच्या एका अंगाला मेथीच्या जुड्या घेऊन बायका बसलेल्या, दुसऱ्या अंगाला काचेची इमारत उभी. तिच्यातून तरुण मुलेमुली भराभर बाहेर पडत होती. सुमन थांबून बघत राहिली. "मामा, या साऱ्यांच्या गळ्यात चिठ्ठी काहून?"

"कंपनीचं ओळखपत्र आहे ते."

"हरवतात की काय हे?"

नर्सिंग स्कूल फरशीच्या दुकानावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर होते. जिना अरुंद, पण वर गेल्यावर स्वच्छता डोळ्यात भरण्यासारखी. प्राचार्या मिरजेकडच्या, पन्नाशी उलटलेल्या, पांढऱ्या साडीतल्या. त्यांचा तास चालू होता. "बसा ना, बघा," म्हणून त्यांनी आम्हाला मागच्या बाकावर बसवले. दुसऱ्या वर्षाच्या मुली रोगी झोपलेला असताना चादर कशी बदलायची ते शिकत होत्या. एक मुलगी रोगी झाली होती आणि तिला गुदगुल्या होत होत्या. बाईंनी तिला एवढेच सांगितले, "तुझं पोट फाडलंय असं समज." ती मुलगी गप्प झाली. अशा शिक्षिका मी फार पाहिलेल्या नाहीत. त्या एकेका मुलीचा हात धरून दाखवत होत्या, आणि चुकलेल्या मुलीला पुन्हा करायला लावताना त्यांचा आवाज चढत नव्हता.

एका मुलीला कोपऱ्याची घडी जमेना. सुमनला राहवले नाही. ती उठली, गादीच्या कोपऱ्याशी वाकली आणि दोन हालचालींत घडी घातली. बाई बघत राहिल्या. "कुठे शिकलात?"

"दोन वर्षं शिकली होती मॅडम. पुढं जमलं नाही."

ती हे सहज म्हणाली. घरात आम्ही सगळे हेच म्हणत आलो होतो: सुमनला जमले नाही. मी खिडकीतून खाली फरशा उतरवणारा ट्रक बघत बसलो.

तासानंतर ऑफिसमध्ये मान्यतेचे पत्र मागितले. कारकुनाने झेरॉक्स दिली. मी सरकारी पत्र खालून वर वाचतो. नोकरीची सवय. वरचा मजकूर सगळीकडे सारखाच असतो. खरे काय ते शेवटच्या दोन परिच्छेदांत आणि प्रत कुणाकुणाला पाठवली त्यात असते. या पत्रात परवानगी होती, पण चालू वर्षापुरती, आणि 'मुद्दा क्रमांक पाचमधील त्रुटींची पूर्तता करण्याच्या अटीवर'. मुद्दे मात्र चारच होते. पाचवा दुसऱ्या पानावर असणार.

"दुसरं पान?" मी विचारले.

"ते सरांकडे असतं."

"सर कुठे असतात?"

"सर बाहेर असतात," कारकून म्हणाला.

मग बाईंना विचारले. "परवानगीचं काम संस्थेचे लोक बघतात. आमचं स्वतःचं हॉस्पिटल मांजरीला आहे, पन्नास खाटांचं. तुम्ही एकदा बघून या." खोटे बोलल्या नाहीत. आम्हाला बघायला पाठवले, याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

मांजरी, बुधवार

मांजरीला जाताना चूक माझीच झाली. बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावे आपल्याकडे सगळीकडे आहेत आणि मी जन्मभर गावांच्या याद्या लिहिल्या. कंडक्टरने विचारलेसुद्धा, "कोणती मांजरी?" मी ऐटीत म्हणालो, "मोठी." त्याने काय ऐकले आणि आम्ही काय समजलो कोण जाणे. नदीचा पूल ओलांडून बस पुढे गेली आणि दोन्हीकडे उसाखेरीज काही नाही अशा जागी आम्ही उतरलो. आमच्याकडे कापूस आणि तूर; एवढा ऊस, तोही शहराच्या इतका जवळ, पल्लवीने कधी पाहिला नव्हता. उसाच्या फडाला लागूनच नव्या सोसायटीची पाटी होती आणि तिच्यावर पोहण्याच्या तलावाचे चित्र होते.

रस्त्याकडेला रसाचे गुऱ्हाळ होते. हिराबाई नावाची साठीतली बाई ते चालवत होती. आले-लिंबू घातलेला रस तिने पुढे ठेवला. मी हॉस्पिटलची चौकशी केली.

"त्यो दवाखाना व्हय? त्यो पलीकडं, बुद्रुकला. तुमी चुकून खुर्दला आला," ती म्हणाली. "पर मला ठावं हाय त्यो. मी ॲडमिट असते की तिथं."

"काय होतं तुम्हाला?" सुमनने काळजीने विचारले.

"मला काय धाड भरलीय! तपासणी असली की टेम्पो येतो. आमी धा-बारा बाया जातो. पांढऱ्या चादरीवर पडून ऱ्हायचं. चा-बिस्कीट, दुपारी वरणभात. मागल्या खेपंला माझं पोटाचं आपरेशन झालं हुतं. माझ्या जावंला जुळी झाली हुती. तिचं वय बासष्ट."

पल्लवी हसता हसता रस सांडून बसली. सुमन हसली नाही.

"आणि तपासणीचे साहेब काही म्हणत नाहीत?" मी विचारले.

"लई भली मानसं. एकानं इच्यारलं, मावशी, दुखतंय का? मी म्हनलं, हसल्यावर दुखतंय."

"पण जवळच्या गावातल्या बाया सोडून तुम्हाला नदीपलीकडून का नेतात?"

"तिथल्या बायांना समदं गाव वळखतं. आन त्या लई बोलत्यात."

"तुम्ही नाही बोलत?"

"आमी बी बोलतो. पर नदीच्या अल्याड."

रसाचा दुसरा ग्लास तिने आग्रहाने पाजला. पल्लवी नर्स होणार हे कळल्यावर तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "व्हय बाई नर्स. मी खरंच पडले म्हंजी मग तू ये."

तिनेच एका दूधवाल्याची जीप थांबवून दिली आणि आम्ही नदी ओलांडून बुद्रुकला पोहोचलो. हॉस्पिटलची इमारत नवी कोरी होती. खाली एक डॉक्टर दोन-तीन माणसे तपासत होते. वर एक लांबलचक हॉल. राखणदाराने कुलूप काढले. पन्नास खाटा, खाटांवर क्रमांक, गाद्यांना अजून प्लास्टिक.

सुमन एका खाटेजवळ गेली. गादीचा कोपरा उचलून पाहिला, सलाइनच्या स्टँडचे चाक फिरवून पाहिले. मग नाकाने श्वास घेतला. "मामा, दवाखान्याला वास असतो. फिनेलचा, औषधाचा, माणसाचा. इथं काहीच नाही."

मला वाटले, संपले. ती स्वतःच समजली. पण ती खाटेच्या लोखंडावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "तरी खाटा आहेत. मॅडम चांगल्या आहेत. मान्यता येईल हळूहळू. आमच्या वेळी मालकांचं आपसात भांडण झालं म्हणून घोळ झाला, आणि मी थोडी कच्ची होती. पल्लवी हुशार आहे. तिचं होईल."

तेव्हा मला बोलावे लागले. राखणदार खाली गेला होता. मी एका खाटेवर बसलो आणि प्लास्टिक कुरकुरले.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या एका गावी कुणी नर्सिंगची शाळा काढली होती आणि तपासणीला पथक गेले. साहेब पाहणार आणि मी अहवाल लिहिणार, अशी पद्धत. दवाखान्यात तीस खाटा दाखवल्या. साहेब पुढच्या खोलीत नाश्त्याला बसले आणि खाटा मोजायचे काम माझ्याकडे आले. मी वाकून पाहिले तर खाटांच्या पायांवर लाल रंगात मंडपवाल्याचे नाव लिहिलेले. गावातल्या लग्नांत पाहुण्यांना झोपायला ज्या खाटा भाड्याने देतात त्याच त्या. तीसमधल्या बावीस तशा होत्या. शाळेचा मालक माझ्या मागेच उभा होता. तो काही घाबरला नाही. म्हणाला, "साहेब, तुमच्या घरी एक भाची आहे ना दहावी झालेली? तिची जागा पक्की समजा." मी अहवालात लिहिले: खाटा तीस, स्थिती समाधानकारक.

त्या शाळेत सुमन गेली. दोन वर्षे शिकली. मग दुसऱ्या कुणी नीट तपासणी केली, मान्यता गेली आणि तिच्या तुकडीला परीक्षेलाच बसू दिले नाही; मुलींना खरे कारण कुणी सांगितले नाही. ती ट्रंक घेऊन घरी आली तेव्हा शेजारपाजारच्यांनी विचारले, काय झाले? माझी बहीण माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "जमलं नाही तिला." माझे नाव अहवालावर होते, नोकरी होती, आणि त्या क्षणी तेच सोपे होते. पुढे मालकांच्या भांडणाची गोष्टही मीच जोडून दिली.

हे सगळे मी त्या हॉलमध्ये सांगितले. पल्लवी दाराशी उभी होती, तिनेही ऐकले.

सुमनने खाटेच्या लोखंडावरचा हात काढून घेतला. मग तिने एकच विचारले, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे आई गेली तेव्हा मी नापासच होती."



खराडी, गुरुवार

गुरुवारी सुमन माझ्याशी बोलली नाही. पण लॉजवरून निघताना तिने घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली, ती तिघांची बांधली.

पल्लवीची वर्गमैत्रीण रूपाली खराडीला एका कंपनीत फोनवर बोलण्याचे काम करत होती. तिचा मिस कॉल आला, म्हणून भेटायला गेलो. खराडीत तेव्हा इमारती आधी आणि रस्ते नंतर असा प्रकार होता. वीस मजली काच, आणि तिच्यापुढे चिखलातून वाट. कंपनीच्या फाटकासमोर टपऱ्यांची रांग होती. साबुदाणा वड्यापासून चायनीजपर्यंत सगळे मिळत होते, आणि लाखाच्या गोष्टी करणारी मुले स्टुलावर बसून कटिंग पीत होती.

रूपाली बिचारी मनापासून सांगत होती. "अगं, इंग्लिश एवढं लागत नाही, ते ट्रेनिंग देतात. कॅब घरापर्यंत सोडते. फक्त फोनवर नाव बदलावं लागतं. मी तिथे रोझी आहे."

"आईबापानं ठेवलेलं नाव कंपनीला काय दुखते?" सुमन म्हणाली.

"काकू, त्या लोकांना रूपाली म्हणता येत नाही."

"मग शिकवायचं होतं त्यांना. तीनच तर अक्षरं आहेत."

रूपाली हसली. जाताना ती पल्लवीला म्हणाली, "विचार कर. तुझं ते नर्सिंग जमतंय की नाही कोण जाणे. इथे उद्यापासून पगार आहे."

आम्ही एका अर्धवट बांधलेल्या कठड्यावर बसून दशम्या खाल्ल्या. सुमनने एक दशमी पल्लवीच्या हातात दिली. "आबाजींना दे."

पल्लवीने दिली आणि तिथेच बसून मला विचारायला लागली. तुकडीत किती मुली होत्या? त्यांचे पुढे काय झाले? मी अहवाल खरा लिहिला असता तर काय झाले असते? मी जे ठाऊक होते ते सांगितले. मुली बावीस होत्या. त्यांचे काय झाले ते मी कधी शोधले नाही. मी खरे लिहिले असते तर शाळा निघाली नसती आणि सुमन कदाचित एक वर्ष थांबून सरकारी दवाखान्याच्या शाळेत गेली असती.

"मग मीही थांबते एक वर्ष," पल्लवी म्हणाली. "फोनवर बोलायचं काम मला नको. मला माणसाला हात लावायचं काम पाहिजे. पण आबाजी, उद्या मॅडमना मी विचारणार आहे. तुम्ही मधे बोलू नका."

पुन्हा हडपसर, शुक्रवार

ऑफिसमध्ये आमच्या आधी दोन मुलींचे पालक बसले होते. एक वाशिमकडचे होते. बोलीवरून लगेच ओळख पटली आणि त्यांनी पिशवीतून चिवडा काढला. त्यांनीच सांगितले, की या शाळेच्या वरच्या वर्गाची परीक्षा गेल्या वर्षी कोर्टाचा हुकूम आणून झाली होती; तरी ते प्रवेश घेत होते. "एवढ्या लांब आलो, आता रिकामं कसं जायचं?" हे ते स्वतःलाच समजावत होते, आणि ते मला फार ओळखीचे वाटले.

पल्लवीची फाइल तिच्या मांडीवर होती. बाईंनी हात पुढे केला. पल्लवीने फाइल दिली नाही. "मॅडम, पाचवा मुद्दा काय आहे?"

बाईंनी कारकुनाला चहा सांगायला पाठवले. मग म्हणाल्या, "रुग्णसंख्या. मुलींना शिकायला पुरेसे रुग्ण नाहीत. मी इथे चार वर्षं आहे. मी शिकवते ते खरं आहे. बाकीचं मला तुला खात्रीनं सांगता येणार नाही."

"मग तुम्ही इथे का राहता?" पल्लवीने विचारले. मी तिला थांबवणार होतो, पण मधे न बोलण्याचे कबूल केले होते.

"वरच्या दोन वर्गांत चाळीस मुली आहेत. मी गेले तर त्यांना कोण शिकवणार? आणि मी आहे म्हणून तुझ्यासारख्या नव्या येतात. दोन्ही माझ्याच अंगावर येतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझे गुण चांगले आहेत. सरकारी दवाखान्याच्या शाळेचा अर्ज पुढच्या वर्षी वेळेवर भर. बायोलॉजी पक्की कर. काही अडलं तर मला पत्र टाक, मी उत्तर देते."

वाशिमचे गृहस्थ हे सगळे ऐकत होते. त्यांनी चिवड्याची पुडी हळूच बंद केली आणि मुलीला म्हणाले, "जरा खाली चल. बोलायचं आहे." त्यांनी पुढे काय केले मला माहीत नाही. आम्ही फाइल घेऊन जिना उतरलो.

परतीच्या गाडीला अवकाश होता. बाजारातून सुमनने अंजिरे घेतली. भाव करताना ती नेहमीसारखी भांडली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. झाडाखालच्या पारावर बसल्यावर तिने अंजिरे धुतली आणि पहिले मला दिले. "खा मामा. तुम्ही उपाशी राहून माझी परीक्षा थोडीच होणार आहे?"

मी म्हणालो, "सुमन, घरी गेल्यावर मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगतो. तुझं नाव स्वच्छ करतो."

"सांगा. सांगायलाच पाहिजे." ती अंजिराचे देठ मोडत राहिली. "पण माझं काय, मी दवाखान्यात लागली. मला रोज कोणी ना कोणी सिस्टर म्हणते. बाकीच्या एकवीस जणींचं काय? बेबी होती, ती रात्रंदिवस पाठ करायची. तिच्या नवऱ्यानं तिला त्यावरून जन्मभर बोल लावले, असं ऐकलं. शकुंतला होती. दोघी बहिणी होत्या. त्यांच्या घरीही कोणी ना कोणी म्हटलंच असेल, हिला जमलं नाही म्हणून. त्यांना कोण सांगणार?"

पल्लवी दुसऱ्या वर्षी सरकारी दवाखान्याच्या शाळेत गेली. प्राचार्याबाईंची तिला तीन पत्रे आली. घरी मी सगळ्यांसमोर सांगितले. काहींनी ऐकून घेतले, धाकट्या भावाने दोन महिने माझ्याशी बोलणे टाकले, ते योग्यच होते. सुमनने आठवतील ती नावे मला लिहून दिली. चौदा झाली. बहुतेक माहेरची नावे, त्यामुळे पाच जणींचाच पत्ता लागला. त्या पाचही घरी मी गेलो, चौघी भेटल्या. बेबी भेटली नाही. ती मागच्या पावसाळ्यात वारल्याचे तिच्या मुलाने सांगितले. मी त्यालाच सांगितले. त्याने मला आत बसवले, पाणी दिले आणि त्याच्या वडिलांना बाहेरच्या खोलीतून बोलावून आणले. म्हणाला, "बाबा, यांना म्हणतो, हे पुन्हा एकदा सांगा. तुम्ही ऐका."

मी पुन्हा सांगितले.

उरलेल्या जणी कुठे असतील ते मला ठाऊक नाही. यातले कुणी, किंवा त्यांच्या घरचे कुणी, हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहितो. त्या तुकडीतली एकही मुलगी नापास झाली नव्हती. त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. दवाखान्यात खाटा आठ होत्या आणि तीस मी लिहिल्या.